हरकीर्तन कौर ऊर्फ गीता बाली

हिंदी बोलपटांतील नायिकांची कथा सांगू लागले म्हणजे लोक मधुबालेचे सौंदर्य, मीनाकुमारीचे अश्रू आणि नूतनचा संयत अभिनय यांपाशी रेंगाळतात. गीता बालीचे नाव निघालेच तर एका हसऱ्या, खट्याळ मुलीची पुसट आठवण एवढ्यावरच भागते. आमच्या मते हा त्या गुणी नटीवर अन्याय आहे. शिवाय तिच्या अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्याचे धागे आपल्या कोंकण-गोमंतकाशी, आपल्या देवळांशी आणि आपल्या मंडळींच्या कर्तृत्वाशी इतक्या ठिकाणी गुंतलेले आहेत, की या पृष्ठांवर तिची कथा सांगण्यास वेगळे निमित्त शोधण्याची गरज आम्हांस वाटत नाही.

तिचे मूळचे नाव हरकीर्तन कौर. जन्म १९३० सालचा, पंजाबातील सरगोध्याचा. फाळणीनंतर ते शहर पाकिस्तानात गेले. वडील कर्तारसिंग हे शीख धर्मग्रंथांचे व्यासंगी, प्रवचनकार आणि रागी होते. रागी म्हणजे गुरुबाणी रागदारीत गाऊन दरबारसाहिबापुढे सेवा करणारा गायक. आपल्याकडील हरिदासाशी त्याचे नाते जवळचे. अशा घरात जन्मलेल्या कन्येचे नाव हरकीर्तन ठेवावे यात नवल नाही. आईचे वडील भाई तख्तसिंग यांनी फिरोजपुरास मुलींसाठी शाळा व वसतिगृह स्थापून, ज्या काळी पंजाबात स्त्रीशिक्षणाचे नाव काढणेही धाडसाचे होते त्या काळी ते कार्य चालविले. म्हणजे दोन्ही बाजूंनी हे घराणे धर्मनिष्ठही होते आणि सुधारकही. या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत असे मानणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्यांनी या घराकडे पाहावे.

आईबापांनी मुलींना शास्त्रोक्त गायन व नृत्य शिकविले. घोड्यावर बसविले. गटका म्हणजे शिखांची लाठी-तलवारीची विद्याही शिकविली. मुली चार लोकांसमोर गाऊ-नाचू लागल्या तेव्हा कर्मठ मंडळींना ते सहन झाले नाही आणि घरावर सामाजिक बहिष्कार पडला. दरबारात ज्याचा कंठ आदराने ऐकावयाचा, त्याच्याच मुलीने तोच सूर चारचौघांत लावला की तो कलंक! पंजाबातील लोकांना दोष देऊन मोकळे होण्याचा अधिकार आम्हांस मात्र नाही. गोमंतकातील देवळांच्या चौकांत शतकानुशतके ज्या कलावंत घराण्यांनी गाणे जिवंत ठेवले, त्यांच्या स्वरांवर आपण माना डोलावल्या आणि त्यांच्या मुलींना पंक्तीला घेण्याची वेळ आली की तोंडे फिरविली. मंगेशीच्या दीनानाथांनी देवाचे नाव आडनाव म्हणून धारण केले आणि त्यांच्या कन्येने ते जगभर नेले, तेव्हा कुठे आपल्याला त्या घराण्यांचा अभिमान वाटू लागला. देवदासींच्या संरक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये झाला. मनातील कायदा बदलण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

बहिष्कार हा विषय निघालाच आहे तर आमच्या व्यवसायातील एक गोष्ट येथे नोंदवून ठेवतो. मुंबई सरकारने १९४९ साली बहिष्कृत करण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, धर्मस्वातंत्र्याचा भंग होतो म्हणून, तो बहुमताने रद्द ठरविला; मुख्य न्यायमूर्ती सिन्हा यांनी मात्र विरुद्ध मत नोंदविले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध पुन्हा कायदा संमत केला तो २०१६ मध्ये. मधल्या अर्धशतकाहून अधिक काळात ज्यांच्या घरी कोणी पाणी पिण्यास आले नाही, त्यांची गणती कोणत्या दप्तरात असणार?

पडद्यावर गीतेचे पहिले पाऊल पडले ते बारा वर्षांची असताना, १९४२ साली, एका लघुपटात. पुढे १९४६ मध्ये ‘बदनामी’ आला, आणि १९४८ मध्ये केदार शर्मांच्या ‘सुहाग रात’ने तिला नायिका म्हणून नाव मिळवून दिले. केदार शर्मा हे मोठे पारखी गृहस्थ. राज कपूर आणि मधुबाला यांना ‘नीलकमल’मध्ये प्रथम प्रमुख भूमिका देणारे तेच. १९५० च्या ‘बावरे नैन’मध्ये त्यांनी गीतेला राज कपूरबरोबर उभे केले. ‘बडी बहन’ आणि ‘दुलारी’ हे १९४९ चे चित्रपट. त्यांत सुरैया आणि मधुबाला यांच्या सावलीत तिला काम करावे लागले, पण प्रेक्षकांचे लक्ष ती सावलीतूनही वेधून घेत असे.

तिची खरी ओळख महाराष्ट्राला पटली ती १९५१ च्या ‘अलबेला’ने. भगवान आबाजी पालव हे गिरणी कामगाराचे चिरंजीव. कमी खर्चाचे मारामारीचे बोलपट काढणारा हा ठेंगणा, स्थूल गृहस्थ सामाजिक चित्रपट काढून स्वतः नायक होतो आहे, ही वार्ता ऐकून हसणारेच अधिक असतील. नामांकित नायिकेने अशा नायकाबरोबर काम करण्यात प्रतिष्ठेचा धोका होता. गीतेने तो पत्करला. चित्रपटातील कथाही अशीच आहे. नाटकाच्या वेडापायी घरच्यांच्या तिरस्कारास पात्र झालेल्या तरुणाला एक अभिनेत्री हात देऊन रंगभूमीवर आणते. संगीत होते सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर यांचे, आणि नायिकेच्या तोंडी स्वर होता लता मंगेशकरांचा. पाश्चात्त्य वाद्यमेळाची जी चुणचुणीत उसळी त्या गाण्यांत आहे, तिच्यात आमच्या बारदेशातील हळदोण्याच्या आंतोनियो शावियर वाझ यांचा हात मोठा. मुंबईच्या वाद्यवृंदांत ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध होते, आणि ‘अलबेला’च्या एका गाण्यात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. एका पंजाबी रागीची कन्या, दादरचा गिरणगावकर, नगर जिल्ह्यात जन्मलेला संगीतकार, मंगेशीच्या घराण्याचा कंठ आणि हळदोण्याचा ख्रिस्ती तुतारीवाला! भाषावार प्रांतांचे वाद ऐन भरात असताना ही मंडळी एका गाण्यासाठी एकत्र जमत होती. त्या चित्रपटातील गीता जी नाचते, त्याला नृत्य म्हणावे की नुसते बागडणे, याविषयी पंडितांनी खुशाल वाद घालावा. भगवानचे साधे, खांदे हलविण्याचे नृत्य आणि तिची चपळ पावले यांची जी जोडी जमली, ती लोक अद्याप विसरलेले नाहीत. २०१६ साली भगवानांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला, त्यात विद्या बालन यांनी गीता बालीची भूमिका केली.

याच सुमारास तिची गाठ दुसऱ्या एका कोंकणी माणसाशी पडली. गुरुदत्त पदुकोण हे चित्रापूर सारस्वत. घरची भाषा कोंकणी, जन्म बंगलोरचा, उमेदवारी पुण्याच्या ‘प्रभात’मध्ये. त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेले चित्रपट सगळे मिळून आठ, आणि त्यांतील चारांत गीता बाली आहे. ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’ यांच्या तेजापुढे या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पण गुरुदत्तांनी दिग्दर्शनाची मुळाक्षरे गिरविली ती याच नटीला समोर ठेवून. १९५१ च्या ‘बाजी’त ती क्लबातील नर्तकी आहे, आणि नायकाला वाचविताना प्राण देते. १९५२ चा ‘जाल’ गोमंतकी वळणाच्या ख्रिस्ती कोळीवस्तीत घडतो. तीत मारिया नावाची सरळ मनाची मुलगी देव आनंदने रंगविलेल्या चोरट्या व्यापाऱ्याच्या मोहात सापडते. मारियेची चलबिचल, देवभीरूपणा आणि ओढ या दोहोंमधील तिची फरफट गीतेने डोळ्यांनी दाखविली आहे. हसरी नटी म्हणून तिची बोळवण करणाऱ्यांनी हा चित्रपट एकवार पाहावा.

तिसरा ‘बाज’, १९५३ चा. गुरुदत्त नायक म्हणून प्रथम उभे राहिले ते या चित्रपटात, आणि त्याच्या निर्मितीत गीतेची थोरली बहीण हरिदर्शन कौर त्यांची भागीदार होती. कथा सोळाव्या शतकातील मलबार किनाऱ्याची. पोर्तुगीज सेनानी बार्बोझा एका लहानशा संस्थानावर आपला अंमल लादतो, एका व्यापाऱ्याला व त्याच्या कन्येला कैद करून गलबतावर चढवितो, आणि ती कन्या कैद्यांचे बंड उभारून स्वतः त्या गलबताची नायिका होते. १९५३ साली गोव्यावर पोर्तुगीजांचाच झेंडा होता. तो उतरण्यास १९६१ चा डिसेंबर उजाडावा लागला. त्या काळी पोर्तुगीज सेनानीपुढे तलवार उपसून उभी राहिलेली एक स्त्री पडद्यावर दिसणे ही आम्हांस साधी करमणूक वाटत नाही. चित्रपट चालला नाही हे खरे. कथानकात जुळवाजुळव फार आहे हेही खरे. परंतु घोडा आणि तलवार यांची ओळख लहानपणीच झालेली ती एक नटी होती, म्हणून तिच्या हातात शस्त्र शोभून दिसले. चौथा ‘सैलाब’ १९५६ चा. त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

‘बाज’च्या आदल्या वर्षी आलेला ‘आनंदमठ’ हा तिच्या भूमिकांत आम्ही सर्वांत वर ठेवू. बंकिमबाबूंच्या १८८२ च्या कादंबरीतील शांती पुरुषवेष धारण करून संतानांच्या मेळ्यात सामील होते, धनुष्याला प्रत्यंचा चढविते आणि घोडा फेकते. ही भूमिका कोणा नाजूक नायिकेकडे गेली असती तर हास्यास्पद झाली असती. ज्या मुलीला गटका शिकविला म्हणून लोकांनी नाके मुरडली, तिच्याकडेच ती यावी हा न्याय दैवाने केला असे म्हणावेसे वाटते. त्याच चित्रपटात पृथ्वीराज कपूर होते. तीन वर्षांनी ते तिचे सासरे झाले.

आता त्या विवाहाविषयी. पृथ्वीराजांचे दुसरे चिरंजीव शम्मी कपूर हे १९५५ मध्ये धडपडणारे नट होते. त्यांना यश देणारा ‘तुमसा नहीं देखा’ अद्याप दोन वर्षे दूर होता. गीता नामांकित, वयाने त्यांच्याहून वर्षाने मोठी आणि शीख. केदार शर्मांच्या ‘रंगीन रातें’च्या चित्रणासाठी मंडळी राणीखेतला गेली असता दोघांचे मन जुळले. घरच्यांना सांगण्याचा धीर होत नव्हता. शम्मी कपूर यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, गीतेने अचानक लग्न करावयाचे तर आजच असे सुनावले, मित्रांचा सल्ला झाला, रात्री वाळकेश्वरास बाणगंगेच्या देवळात गेले तर दारे मिटलेली, आणि पुजाऱ्याने पहाटे येण्यास सांगितले. २४ ऑगस्ट १९५५ च्या पहाटे विवाह लागला. सिंदूर कोणी आणला नव्हता. तेव्हा गीतेने पिशवीतील लिपस्टिक काढून दिली आणि तिनेच भांग भरला गेला.

वाळकेश्वरचे हे क्षेत्र आपल्या वाचकांस अपरिचित नाही. पोर्तुगीजांनी मोडलेले तेथील देवालय १७१५ मध्ये पुन्हा उभारले ते रामा कामत या सारस्वत गृहस्थाने. याच रामा कामतावर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून १७२० मध्ये इंग्रजांनी बनावट पुराव्यावर खटला चालविला, आणि तो बिचारा तुरुंगातच मेला. बाणगंगेचे तळे गौड सारस्वत ब्राह्मणांच्या देवस्थान न्यासाकडे आहे, आणि कवळे मठाची शाखाही काठावर आहे. गोमंतकातून विस्थापित झालेल्या देवभक्तांनी जतन केलेल्या या स्थळी सरगोध्याच्या हरकीर्तन कौरला आणि पेशावरी कुळातील कपूरपुत्राला आसरा मिळाला.

ज्येष्ठ मंडळी विचारतील, लिपस्टिकने भांग भरलेला विवाह कायद्याने विवाह ठरतो काय? हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला होता. म्हणजे हा विवाह त्यानंतर तीन महिन्यांनी झाला. दुसऱ्या कलमाने तो शिखांसही लागू आहे, तेव्हा वधू शीख व वर हिंदू ही अडचण राहिली नाही. सातव्या कलमाने वधूवरांपैकी कोणाच्याही रूढ विधींप्रमाणे विवाह लागला पाहिजे, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. सिंदूर कशाचा याची चौकशी कायदा करीत नाही. हाच विवाह त्या पहाटे मंगेशी किंवा कवळ्याच्या देवळात लागला असता तर मात्र वेगळे होते. गोव्यात विवाहाची दिवाणी नोंदणी झाल्यावाचून केवळ देवापुढील विधीने कायद्याचा विवाह होत नाही. पोर्तुगीज गेले तरी तो नियम राहिला, आणि आमच्या मते तो स्त्रियांच्या हिताचा आहे.

कारण नोंदणीवाचून राहिलेल्या विधींचा फास शेवटी स्त्रीच्याच गळ्याला बसतो. महाराष्ट्रातून गेलेल्या एका द्विभार्या-खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ फेब्रुवारी १९६५ रोजी दिला. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीचे होते, होम व सप्तपदी झाली नव्हती, म्हणून ते लग्नच नव्हे, आणि लग्न नाही म्हणून गुन्हाही नाही, असे ठरून पुरुष निर्दोष सुटला. कायद्याच्या शब्दांप्रमाणे निकाल बरोबर असेल. दुसरीचे काय झाले हे निकालपत्रात लिहावयाचे नसते. गीता बालीचा मृत्यू या निकालापूर्वी अकराच दिवस झाला होता, आणि मृत्यूसमयी ती ज्या चित्रपटात गुंतली होती त्याचा विषय नेमका हाच होता: विधीच्या नावाखाली स्त्रीचे काय होते.

त्याकडे वळण्यापूर्वी एवढे सांगितले पाहिजे की, लग्नानंतर तिने काम सोडले नाही. कपूर घराण्यात सुना-लेकींनी चित्रपटात काम करू नये असा दंडक दीर्घकाळ मानला गेला. गीतेची कामे कमी झाली, मुलगा व मुलगी झाली. परंतु सोहराब मोदींच्या ‘जेलर’मध्ये १९५८ साली ती आंधळ्या मुलीच्या भूमिकेत दिसली, आणि १९६३ चा ‘जब से तुम्हें देखा है’ हा तिचा अखेरचा प्रदर्शित चित्रपट.

राजिंदरसिंग बेदी यांची ‘एक चादर मैली सी’ ही उर्दू लघुकादंबरी. पंजाबातील एका खेड्यात टांगेवाल्याचा खून होतो. त्याची बायको रानो, पदरी मुले. पंचांचा निर्णय असा की धाकट्या दिरानेच तिच्यावर चादर घालावी, म्हणजे ती त्याची बायको होईल. तो दीर, मंगल, तिने पोटच्या मुलासारखा वाढविलेला. ही चादर घालण्याची रूढी पंजाबात न्यायालयेही मान्य करीत आली. जमीन घरातच राहावी आणि विधवा उघडी पडू नये, असे दोन हेतू तीत मिसळलेले आहेत. रानोची संमती हा प्रश्न पंचांपुढे येतच नाही. आमच्याकडील पाट आणि मोहतूर यांची प्रकरणे ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

गीतेला ही कथा इतकी भिडली की तिने चित्रपटाच्या निर्मितीचा भार स्वतः उचलला. नाव ‘रानो’, भाषा पंजाबी, दिग्दर्शक स्वतः बेदी. हिशेबी माणसाने हे केले नसते. फाळणीत लाहोर गेले, त्याबरोबर पंजाबी चित्रपटाचे घर गेले आणि अर्धा प्रेक्षकही गेला. उरलेल्या बाजारात बहुधा गाण्या-विनोदाचेच चित्रपट निघत. हिंदीत ज्या नटीला वर्षाकाठी अनेक भूमिका मिळत, ती आपल्या मायबोलीत, कर्त्या वयाच्या विधवेची भूमिका घेऊन, स्वतःच्या जबाबदारीवर उतरली. खट्याळ मुलीची भूमिका तिला जन्मभर पुरली असती. तिला ती पुरेशी वाटली नाही.

‘रानो’च्या चित्रणाच्या काळात तिला देवीचा आजार जडला. आपल्या भाषेने या रोगाला देवी म्हटले, शीतलेचे नाव दिले, आणि हात जोडले. लस मात्र मुंबईत १४ जून १८०२ रोजी प्रथम टोचली गेली होती, तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला. त्यानंतर एकशे बासष्ट वर्षे उलटल्यावरही हा रोग अशा घरात शिरू शकला की जेथे पैसा, शिक्षण आणि डॉक्टर यांची वाण नव्हती. राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला होता. देशातील अखेरचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात आढळला. गीता बाली मुंबईत २१ जानेवारी १९६५ रोजी गेली. शम्मी कपूर तेव्हा ‘तीसरी मंझिल’मध्ये काम करीत होते, कित्येक महिने ते चित्रणाला उभे राहिले नाहीत.

बेदींनी ‘रानो’ सोडून दिला. आपल्या कादंबरीची एक प्रत त्यांनी तिच्या चितेवर ठेवली असे सांगतात. त्याच वर्षी त्या कादंबरीला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुढे पाकिस्तानात १९७८ मध्ये संगीता या अभिनेत्रीने तिच्यावर ‘मुठ्ठी भर चावल’ काढला. हिंदुस्थानात ती हिंदीतून पडद्यावर आली १९८६ साली. रानो झाल्या हेमा मालिनी, आणि ज्याच्यावर चादर घालण्याची पाळी येते त्या मंगलची भूमिका केली ऋषी कपूर यांनी, जे नात्याने गीता बालीचे पुतणे होते. पंजाबीतील रानो कोणाला पाहावयास मिळाली नाही.